बार्शी लाइटच्या फाटकावरची रहदारी

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे आणि तिचा परिसर, बघायला आलेला माणूस आधी इंजिनाकडे बघतो, पण चूक काढतो ती मोटारीची. इंजिनाला चाकं किती होती, धुराडं किती उंच होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ॲम्बॅसिडरचं नाक, एसटीच्या खिडकीचे आडवे गज, ट्रकच्या बॉनेटची गोलाई मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. त्या गाड्यांतून लोक लग्नाला गेलेत, घाटात ओकलेत, टपावर ट्रंका चढवताना भांडलेत. तिथे त्यांना फसवता येत नाही.

माझा लेआउट बार्शी लाइटचा आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही लाइन १८९७ साली सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आधी कुर्डुवाडी ते बार्शी, मग पंढरपूर, मग लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि या शतकात ती तुकड्यातुकड्याने ब्रॉडगेज झाली. १:८७ या मापात, म्हणजे एचओ स्केलमध्ये, ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात. नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, कारण ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटर गेजच्या छोट्या लाइन आहेत आणि तिकडे त्यांची मॉडेल करणारे हौशी भरपूर. खऱ्या रुळात दोन मिलिमीटरचा फरक, तो माझ्या टेबलावर कुणाच्या बापाला दिसणार नाही. एक ऑस्ट्रियन टँक इंजिन घेतलं, काळं केलं, पुढे मोठा दिवा लावला, कोळशाच्या पेटीवर लाकडाची फळी वाढवली. आजवर एकानेही हरकत घेतलेली नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसांनीसुद्धा नाही.

त्या इंजिनाच्या विक्रेत्याने खोक्यात एक फोक्सवॅगन फुकट टाकली होती. ती फाटकावर ठेवून पाहिली आणि माझ्या लेआउटवरचं मोडनिंब एका क्षणात ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये गेलं. तेव्हा कळलं की गाव कोणतं आणि साल कोणतं, हे इथे रस्ता ठरवणार.

साल मी १९८४ धरलं, आषाढीच्या आधीचे दिवस. साल धरलं की निम्म्या गाड्या आपोआप बाद होतात आणि खर्चही वाचतो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत आली, ती सात महिन्यांत पंढरपूरच्या रस्त्यावर दिसणं अवघडच. टाटा ४०७ आली १९८६ मध्ये. एका मित्राने मोठ्या प्रेमाने ४०७ चं सुंदर मॉडेल भेट दिलं, ते कपाटातच आहे. तो आला की बाहेर काढतो. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमधल्या बसगाड्या एसटीने घेतल्या खऱ्या, पण त्या दादर-पुणे असल्या मानाच्या मार्गांवर. आमच्या फाटकावर लाल गाडीच यायला हवी. आणि एमएच-१३ लिहिलेली पाटी कुठेच चालणार नाही, कारण ती पद्धत १९८९ च्या जुलैपासूनची. त्याआधी एमने सुरू होणारी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. खाजगी गाडीची पाटी काळी, अक्षरं पांढरी.

मग उरलं काय? बॉनेटवाला टाटा ट्रक, लेलँड, जीप, ॲम्बॅसिडर, पद्मिनी, तीनचाकी टेम्पो, एसटी, बजाजची स्कूटर, सायकली, बैलगाड्या आणि पंढरपूरचे टांगे. यादी छोटी, पण यातलं एकही एचओमध्ये दुकानातून उचलून आणता येत नाही. आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानात रिक्षा, ट्रक, ॲम्बॅसिडर मिळतात. चाव्या मारून सुटणारी ती खेळणी छान असतात, पण मापाने दुप्पट-तिप्पट मोठी. माझ्या स्टेशनमास्तरशेजारी ती रिक्षा ठेवली तर मास्तर तिच्या चाकाखाली झोपेल.

या शोधात मला एक मजेशीर गोष्ट हाती लागली. आपल्या त्या काळच्या गाड्यांत मोठी घराणी दोन, जर्मन आणि ब्रिटिश. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. करार १९६९ मध्ये संपला, बॉनेटवरचा तारा गेला आणि ‘टी’ आला, पण तो गोल चेहरा पुढेही कित्येक वर्षं टिकला. बजाज टेम्पोचा तीनचाकी हॅन्सिएट हाही जर्मनच. जर्मनीत मॉडेलवाले १:८७ वापरतात, त्यामुळे या घराण्याचे पूर्वज माझ्या मापात आयते मिळतात. ॲम्बॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, आणि लेलँड तर नावातच इंग्रज. इंग्लंडमध्ये मॉडेल रेल्वे चालते ओओ स्केलमध्ये, म्हणजे १:७६. त्या घराण्याचं जे काही मिळतं ते बहुतेक या मापाचं. चार मीटर तीस सेंटिमीटरची ॲम्बॅसिडर १:८७ मध्ये एकोणपन्नास मिलिमीटर होते, १:७६ मध्ये सत्तावन्न. सात-आठ मिलिमीटर म्हणजे काय ते दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. मोठी ॲम्बॅसिडर ट्रकच्या बाजूला उभी केली की ट्रक टेम्पोसारखा दिसायला लागतो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. मोठ्या मापाची गाडी लेआउटच्या अगदी कडेला, बघणाऱ्याच्या पोटाशी ठेवायची, आणि तिच्यामागे सरळ रेषेत दुसरी मोटार येऊ द्यायची नाही. मधे झाड, टपरी, माणसांचा घोळका. डोळा तिला जवळची समजून माफ करतो. माझी पांढरी ॲम्बॅसिडर अशी कडेच्या लिंबाखाली उभी आहे, १:७६ ची, आणि तिच्यावर कुणी अजून बोट ठेवलेलं नाही.

जीपचं काम सर्वांत सोपं निघालं. महिंद्राची जीप म्हणजे विलीजच्याच वंशातली, आणि लष्करी विलीज जीप १:८७ मध्ये कितीतरी वर्षं मिळते आहे. ऑलिव्ह रंग घालवायचा, पांढरा तारा पुसायचा, स्टिअरिंग उजवीकडे घ्यायचं, टप घालायचा. पाटबंधारे खात्याची जीप एका रविवारात तयार.

स्टिअरिंग उजवीकडे घेणं हे वाक्य लिहायला सोपं आहे. उघड्या जीपमध्ये ते खरंच सोपं असतं. बंद मोटारीत आधी बॉडी आणि चेसिस वेगळी करावी लागते. बहुतेक जर्मन मॉडेलमध्ये ती नुसती खटक्याने बसवलेली असते. नखाने चालत नाही, पोस्टकार्डाच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंनी सरकवायच्या आणि हळू उचलायचं. काच एकसंध प्लॅस्टिकची असते, ती खाली येते. मग डॅशबोर्ड कापून उलटा करायचा किंवा सरळ नवा करायचा. स्टिअरिंगचं चाक मोडलंच तर ०.३ मिलिमीटरच्या तारेचा वेटोळा चालतो. आणि वायपर! डावीकडून चालवायच्या गाडीचे वायपर एका बाजूला झुकतात, उजवीकडच्या गाडीचे दुसऱ्या. हे न बदलता सोडून दिलं तर कुणाला कळणार नाही म्हणा, पण मला रात्री झोप लागणार नाही.

आता ट्रक. या सगळ्या लेआउटवर माझा जीव कशात अडकला असेल तर या दिंडीच्या ट्रकात.

आपल्याकडे ट्रक विकला जायचा तो बहुतेक वेळा नुसती चेसिस म्हणून: इंजिन, बॉनेट, पुढचा पत्रा. ड्रायव्हर ती उघडी चेसिस लाकडी खोक्यावर बसून शेकडो किलोमीटर चालवत आणायचा आणि केबिन, हौदा हे सगळं गावातला बॉडीबिल्डर लाकडात बांधायचा. त्यामुळे ब्रेकिना कंपनीचा जो मर्सिडीज एल ३११ मी मिळवला, त्याची नेटकी पोलादी गोल केबिन बिनकामाची होती. बॉनेट आणि मडगार्ड ठेवून बाकीचं करवतीने कापलं. हे करताना पोटात गोळा येतो, कारण मॉडेल स्वस्त नसतं आणि टपालाने येईपर्यंत कस्टमचा खर्च वेगळा. कापलेल्या बॉनेटमागे प्लॅस्टिकच्या अर्ध्या मिलिमीटरच्या शीटची चौकोनी केबिन उभी केली. कपाळावर पुढे आलेली पाटी, तिच्यावर देवाचं नाव. दारं अर्धीच, वर काच नाही, मेणकापडाची गुंडाळी. सतरा फुटी हौदा या मापात जवळजवळ साठ मिलिमीटर होतो. त्याच्या फळ्या शीटवर सुईने ओरखडून काढल्या, उभे लोखंडी पट्टे कागदाचे, फाळक्याच्या साखळ्या जुन्या गळ्यातल्या साखळीच्या.

रंगाच्या बाबतीत एक नियम मी आता डोळे झाकून पाळतो. खऱ्या गाडीचा रंग डबीतून जसाच्या तसा मॉडेलवर लावला तर तो जास्त गडद दिसतो. छोट्या वस्तूवर प्रकाश तितका पसरत नाही, आणि शिवाय आपण ती लांबून बघतोय असं डोळ्याला वाटायला हवं. म्हणून प्रत्येक रंगात पांढऱ्याचा किंवा फिकट बदामीचा थेंब. हौद्याचा तपकिरी, केबिनचा पिवळा, सगळ्यात. निव्वळ काळा रंग तर मी गाड्यांना लावतच नाही. टायरसुद्धा गडद करडे.

फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ हवंच होतं. महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आली, पण १९८४ मध्ये ते नसलेला ट्रक म्हणजे कुंकू न लावलेली सवाष्ण. खऱ्या ट्रकवर वीतभर उंच अक्षर असेल तर इथे ते अडीच मिलिमीटरच्या आसपास. सर्वांत बारीक ब्रशाने, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून, श्वास रोखून लिहिलं. अक्षरं थोडी वाकडी आली. खऱ्या पेंटरचीही येतात.

माल भरताना खरी मजा आली. दिंडीचा ट्रक म्हणजे चालतं घर. वारकरी पायी जातात, ट्रक पुढच्या मुक्कामाला जाऊन राहुट्या ठोकतो आणि चूल पेटवतो. राहुट्यांचे बांबू केरसुणीच्या काड्यांचे, याहून योग्य जाडीची वस्तू जगात नाही. गव्हाची पोती एम-सीलची. ओलं असताना जुन्या मोज्याचं कापड त्यावर दाबलं की गोणपाटाची वीण उमटते. ताडपत्री टिश्यू पेपरची, पातळ फेविकॉलमध्ये भिजवून मालावर पसरली की वाळताना आपोआप बसते आणि सुरकुत्या नको तिथे न पडता हव्या तिथे पडतात. पातेली करायला बरेच दिवस लागले. शेवटी टाचणीच्या गोल डोक्यावर ॲल्युमिनियमची फॉइल दाबून, रबराने घासून, कडा कापल्या. बाहेरून खालचा अर्धा भाग काजळीचा काळा. मालावर तीन बायका आणि एक म्हातारबुवा. ही माणसं जर्मन सेटमधली, बायकांना नऊवारी टिश्यू पेपरची नेसवली. म्हातारबुवांच्या डोक्यावरची टिरोलची टोपी खरवडून मुंडासं केलं. वर भगव्या पताका आणि दिंडी क्रमांकाचा फलक.

तयार ट्रक बघायला आमच्या बिल्डिंगमधले एक काका आले. एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर विभागात आयुष्य गेलं. चष्मा वर केला, बराच वेळ खाली वाकून बघितलं.

“आरं, ह्यो रिकामाच चाललाय की.”

“रिकामा कुठे काका? वर अख्खी दिंडी लादलीय.”

“वरनं लादलंयस. खालनं कुठं लादलंय? पाटं बसलं न्हाईत.”

आणि खरंच. ट्रक चारी चाकांवर ताठ उभा होता, शोरूममधल्यासारखा. भरलेल्या ट्रकचे मागचे कमानपाटे बसतात, ढुंगण खाली जातं आणि नाक किंचित वर येतं. प्रत्यक्षातले पाच सेंटिमीटर म्हणजे इथे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त. मागचा आस काढला, त्याची भोकं वरच्या बाजूला कानसली, मागचे पाटे चपटे करून परत चिकटवले. सोबत मागच्या टायरांचा जमिनीला टेकणारा भाग सँडपेपरवर दोनदा घासून सपाट केला. कुणाला विचारलं तर काय बदललं ते सांगता येणार नाही, पण ट्रकला एकदम वजन आलं. काकांनी पुन्हा बघितलं आणि “आत्ता चालंल,” एवढंच म्हणाले. नंतर जाता जाता, “किन्नर कुठाय? फाटक पडलं की किन्नर खाली उतरून टायर बडवतो.” किन्नर म्हणजे ट्रकचा क्लीनर. म्हणून आता मागच्या चाकापाशी एक पोरगा उभा आहे, हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा.

धुळीबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. परदेशी मॉडेलवाले गाडी गंजवतात. सगळीकडे तांबेरा, पत्र्याला भोकं. आपल्या ट्रकमालकाला गाडी म्हणजे लक्ष्मी. तो दसऱ्याला धुतो, रंगवतो, झेंडूची माळ घालतो. गंज कमी, धूळ भरपूर. सोलापूरकडची माती काळी, पण रस्त्यावरून उडून पत्र्यावर बसलेली धूळ काळी नसते, फिकट करडी-बदामी असते. आषाढात त्यावर एखादी सर पडून गेलेली, म्हणजे मडगार्डच्या आत वाळलेला काळा चिखल आणि बॉनेटवर फिकट धूळ. चिखलासाठी तिकडचीच माती मलमलच्या कापडातून चाळून वापरली. फेविकॉलमध्ये ती भलतीच गडद होते, थोडी राख मिसळावी लागते. धुळीसाठी मऊ पेस्टल खडू ब्लेडने खरवडून त्याची पूड, कोरड्या ब्रशाने. वरून वार्निश मारलं तर पूड दिसेनाशी होते, म्हणून वार्निश आधी, मॅट, आणि पूड शेवटी. मग गाडीला हात लावायचा नाही.

काचेवर वायपरने पुसलेली कमान मला फार आवडते. टेपची पंख्याच्या आकाराची चकती कापून काचेवर लावायची, एअरब्रशने बदामी रंगाचा अगदी पातळ फवारा मारायचा, टेप उचलायची. काच चिकटवायला फेविक्विक मात्र कधीही घेऊ नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर बसतो. तिथे फेविकॉलचा ठिपका पुरतो.

पाट्यांचं काम त्यामानाने सोपं. अर्धा मीटर लांबीची पाटी इथे पावणेसहा मिलिमीटर. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, म्हणून पांढऱ्या कागदावर भोवतीचा काळा छापायचा आणि अक्षरं कोरी सोडायची. कापल्यावर कागदाची पांढरी कड दिसते, ती काळ्या पेनने भरायची. इतकंच.

एसटीचं प्रकरण वेगळं. तिला पूर्वज नाही. चेसिस टाटाची किंवा लेलँडची असली तरी बॉडी दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधलेली. तशी बस जगात दुसरीकडे कुठे नाही, त्यामुळे कापाकापी करायला जर्मन बसही उपयोगाची नाही. भाच्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे. मी जुने फोटो दिले, त्याने संगणकावर बॉडी काढली. दहा मीटरची बस म्हणजे एकशे पंधरा मिलिमीटर, ती तिरकी ठेवून छापावी लागते, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, अतिनील दिव्याखाली कडक करायची. पहिल्या छापात सगळे गज होते आणि आधाराच्या काड्या तोडताना सगळे गेले.

“मामा, गज सोडून दे. दोन सेंटिमीटरचा गज म्हणजे पाव मिलिमीटरसुद्धा नाही.”

“गज सोडले तर ती एसटी राहत नाही रे.”

मग त्याने खिडक्या कोऱ्या छापल्या आणि मी आतून तांब्याची ०.२ मिलिमीटरची तार ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, प्रत्येक खांबामागे चिकटवत. टपावर सामानाचा कठडा, मागे शिडी. दारातून अर्धा बाहेर लोंबणारा कंडक्टर. बसला आतून दिवे लावायचा भाच्याचा आग्रह आहे, पण भरदुपारी फाटकावर थांबलेल्या जादा गाडीत दिवे कशाला, असं माझं म्हणणं. वाद चालू आहे.

बाकीची मंडळी भराभर झाली. बैलगाड्या लाकडाच्या, बैल तयार सेटमधल्या गाईंना वशिंड आणि शिंगं लावून. सायकली पितळेच्या एचिंगच्या, म्हणजे रसायनाने कोरलेल्या, पत्र्यातून दुमडून काढतात. मागे कॅरिअर आणि स्टँड वेगळा जोडायचा, कारण तिकडच्या सायकलींना तसा दणकट स्टँड नसतो. टांग्याचं घोडं चांगलं मिळालं, टांगा अजून नाही.

मांडणी करताना मी आधी सगळ्या गाड्या रांगेत शिस्तीने उभ्या केल्या होत्या. काकांनी ते मोडलं. फाटक पडलं की आपल्याकडे एक रांग राहत नाही, ट्रकच्या उजवीकडून जीप पुढे घुसते, सायकलवाले आडव्या दांड्याखालून वाकून जातात, समोरच्या बाजूलाही तेच, आणि गाडी गेल्यावर दोन्हीकडचे एकमेकांच्या तोंडात. त्यामुळे आता जीप चुकीच्या बाजूला तिरकी उभी आहे, तिची पुढची चाकं वळवलेली. त्यासाठी पुढचा आस कापून चाकं वेगवेगळी चिकटवली. एसटी ट्रकच्या मागे अडकलीय आणि तिचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघतोय. त्याचं डोकं काकांच्या मापाचं आहे असं काकांचं म्हणणं आहे. बसवर गावाची पाटी कोणती लावायची यावर मात्र त्यांचा आणि माझा मेळ बसत नाही. मी ‘कुर्डुवाडी – पंढरपूर’ लिहिणार होतो. ते म्हणतात, यात्रेत डेपोवाले पाटी बदलत बसत नव्हते, खडूने काचेवर ‘यात्रा’ लिहायचे आणि गाडी सोडायचे. पाटी अजून कोरी आहे. या रविवारी खडूनेच लिहीन म्हणतो, म्हणजे पांढऱ्या रंगाने आणि सर्वांत बारीक ब्रशाने.